मिस अर्लीनची मागची खोली

प्रज्ञाने लुईव्हिल शहर कधी पाहिलं नव्हतं, पण तिथल्या मेन स्ट्रीटवरच्या जुन्या गोदामांचे लोखंडी खांब कुठे कुठे गंजलेत, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. जळगावात रिंग रोडवर, एका औषधाच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस होतं. तिथे बसून ती आणि स्नेहल अमेरिकेतल्या त्या मध्यम आकाराच्या शहरातल्या जुन्या इमारतींचे नकाशे काढत असत. लुईव्हिलमध्ये जुन्या वास्तू जपणारी एक संस्था होती. तिची माणसं कॅमेरा आणि लेझरचं यंत्र घेऊन घरोघरी जात, मापं घेत आणि सगळं इकडे पाठवून देत. त्यावरून नकाशे तयार करायचे, एवढंच यांचं काम. हे काम हितेंद्र सरांनी मिळवलं होतं. सर मूळचे असोद्याचे, पुण्यात शिकलेले. पुणं सोडून जळगावातच काहीतरी करायचं, असं ठरवून परत आलेले. ऑफिस लहान होतं, पण सरांना त्याचा अभिमान होता. आपल्या नकाशात चूक सापडत नाही, हे ते भेटेल त्याला सांगत.

सुरुवातीला मोठ्या इमारती आल्या. ओतीव लोखंडाच्या नक्षीची दुकानं, विटांची गोदामं, उंच मनोऱ्यांची चर्चेस. मग संस्थेने लहान घरांची पाहणी हाती घेतली. त्या शहरात कष्टकऱ्यांची जुनी घरं हजारोंनी आहेत. अरुंद, लांबट, एकामागे एक खोल्या आणि सगळी दारं एका रेषेत. पुढच्या दारातून गोळी झाडली तर मागच्या दारातून निघून जाईल, असं लोक म्हणत, म्हणून त्यांना शॉटगन घरं म्हणतात. स्नेहलला ती फार आवडली. काय गोड घरं आहेत, असं ती दर नव्या फाइलला म्हणायची. प्रज्ञा पुढची फाइल उघडायची. धुळ्यात ती ज्या घरात वाढली तेही असंच होतं. पुढची खोली, मधली खोली, मागची खोली, सगळं एका ओळीत. पण हे तिने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या घराबद्दल कुणी विचारलं की ती देवपूर स्टँडजवळ राहतो असं सांगायची, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

एके दिवशी मिस अर्लीनच्या घराची फाइल आली. या बाई ऐंशीच्या घरातल्या, कृष्णवर्णीय, याच घरात जन्मलेल्या. संस्था त्यांच्या घराची दुरुस्ती करून देणार होती. घराचा पुढचा भाग देखणा होता. लाकडी ओसरी, छपराखाली कातरकामाची पट्टी. तो भाग स्नेहलने मागून घेतला. मागचा भाग प्रज्ञाकडे आला.

घराच्या शेवटी एक जोडखोली होती. प्रज्ञाने फोटो उघडले आणि तिचे कान तापले. एक भिंत पत्र्याची. दुसरी भिंत म्हणजे तीन वेगवेगळी दारं शेजारी शेजारी उभी करून ठोकलेली. खिडकीला दुकानाची जुनी काच, तिच्यावर सोनेरी अक्षरांचे तुकडे राहिलेले. आत शेगडी, ताटाळं, उसवलेल्या गादीची खुर्ची, दोरीवर फडकी. फोटो लख्ख होते. खिळ्यांची डोकीसुद्धा मोजता आली असती.

धुळ्याच्या घराची मागची खोली अशीच होती. ती दहावीत असताना तिच्या वडिलांनी, झिपरूंनी ती बांधली होती. घरी त्यांना आबा म्हणत. ते रस्त्याच्या कामावर मजूर होते. सुट्टीच्या दिवशी भंगार बाजारात जायचे आणि एकेक वस्तू सायकलवर बांधून आणायचे. कधी पत्रा, कधी कुठल्या सरकारी क्वार्टरची निळी खिडकी, कधी शाळेच्या फळ्याचं लाकूड. पोरीला अभ्यासाला वेगळी जागा हवी म्हणून. त्या खोलीत बसून ती दहावीला वस्तीत पहिली आली, आर्किटेक्चरला गेली. वडील वारल्यावर आईने तिथे स्वयंपाक हलवला.

मिस अर्लीनच्या खोलीचे फोटो पाहताना तिला वाटलं, धुळ्याला आपल्या घरी न सांगता कुणी कॅमेरा घेऊन शिरलंय. निदान दोरीवरची फडकी तरी काढायची होती या बाईने, असं तिच्या मनात आलं. पाहुणे आले की आपण पसाऱ्यावर चादर टाकतो, तसं काहीतरी तिने केलं. खोली काढलीच नाही. नकाशात नुसती तुटक रेघांची चौकट दाखवली. घराच्या प्रत्येक भागाबद्दल एक ओळ लिहायची असे, तिथे तिने इंग्रजीत लिहिलं. नंतर जोडलेलं, हलक्या प्रतीचं बांधकाम, वारसा म्हणून मोल नाही. आपण त्या बाईवर उपकारच करतोय, असंही तिला तेव्हा वाटलं. सरांनी नकाशा वरवर पाहिला, पुढच्या नक्षीचं कौतुक केलं आणि पाठवून दिला.

काही महिन्यांनी संस्थेच्या डेरेक नावाच्या तरुणाने ईमेलने कळवलं की घराचं काम छान झालंय, कामाच्या काळात मुलीकडे राहिलेल्या मिस अर्लीन परत आल्यात आणि त्यांना नकाशे काढणाऱ्यांशी बोलायचंय. सरांनी ऑफिसात कचोरी मागवली. संध्याकाळी सगळे मोठ्या स्क्रीनसमोर बसले. तिकडे सकाळ होती. मिस अर्लीन ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. निळा पोशाख, पांढरे आखूड केस. डेरेक त्यांच्याशेजारी फोन धरून उभा होता.

त्यांनी आधी ओसरीचं कौतुक केलं. लहानपणी पाहिली होती तशीच झाली म्हणाल्या. स्नेहलने मान लववली. मग त्यांनी विचारलं, घराच्या मागच्या बाजूचं काम कुणी केलं. सरांनी अभिमानाने प्रज्ञाकडे हात केला.

"म्हणजे माझ्या खोलीला मोल नाही, असं लिहिणारी तूच?" मिस अर्लीन म्हणाल्या.

आवाज अजिबात चढला नव्हता. त्या सावकाश सांगत गेल्या. शहरात एक रस्ता होता, सगळा कृष्णवर्णीयांच्या दुकानांचा. दवाखाने, हॉटेलं, नाचघरं, काय हवं ते तिथे मिळायचं. साठच्या दशकात नगरसुधारणेच्या नावाखाली तो पाडला. त्यांच्या वडिलांचं तिथे केशकर्तनालय होतं. ते पाडलं त्या आठवड्यात वडील रोज हातगाडी घेऊन गेले आणि ढिगाऱ्यातून जे निघेल ते आणत राहिले. एक दार त्यांच्या दुकानाचं, एक शेजारच्या शिंप्याचं, एक फोटो स्टुडिओचं. खिडकीची काच त्यांच्याच दुकानाची होती, अक्षरं त्यांच्याच आडनावाची. त्या रस्त्याचं शहरात दुसरं काही उरलं नव्हतं. दुरुस्तीच्या कागदांवर त्यांनी सही केली होती, पण दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती, असं त्या समजून चालल्या. मुलीकडून परत आल्या तर मागे गवताचे चौकोन लावलेले. नोंदीतल्या त्या ओळीवरून कंत्राटदाराने खोली पाडून सगळं कचऱ्याच्या गाडीत घातलं होतं.

डेरेक खाली पाहत होता. सरांनी माइक बंद केला आणि मराठीत हळूच विचारलं, "प्रज्ञा, मागचे फोटो नीट आले नव्हते ना?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी ते फोटो उघडलेच नव्हते.

"हो सर," प्रज्ञा म्हणाली. "नीट आले नव्हते."

सरांनी माइक चालू केला आणि चांगल्या इंग्रजीत सांगितलं की आम्हाला अतिशय वाईट वाटतं, पण मागच्या भागाची पाहणी अपुरी होती, फोटो अंधूक होते, आमच्याकडे जे होतं त्यावरूनच आम्ही लिहिलं. मिस अर्लीन ते सगळं ऐकून घेत प्रज्ञाकडेच पाहत होत्या. प्रज्ञाने मान हलवून सरांच्या बोलण्याला दुजोरा दिला. मग मिस अर्लीननी डेरेकला फोन बंद करायला सांगितलं.

त्या शनिवारी प्रज्ञा धुळ्याला गेली. एरंडोल, पारोळा मागे पडलं तरी गाडीत तिने कानाला हेडफोन लावले नाहीत की डोळे मिटले नाहीत. घरी आई, रुक्माबाई, मागच्या खोलीत भाकरी थापत होती. प्रज्ञा तिच्यासमोर पाटावर बसली. तिचं काहीतरी बिनसलंय, हे आईने ओळखलं. जेवण झाल्यावर प्रज्ञानेच सांगायला सुरुवात केली. आईला अमेरिकेचं काम म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं, तेही तिने आधी समजावून सांगितलं. बाईची खोली, आपण लिहिलेली ओळ, त्यावरून झालेली पाडापाडी, ऑफिसातलं खोटं. आई ऐकत होती. त्या म्हातारीसाठी तिने दोनदा च्‌ च्‌ केलं.

"पन तू आसं का बरं लिखं?" तिने शेवटी विचारलं. "चांगली खोली व्हती ना ती?"

आणि प्रज्ञाच्या तोंडून निघून गेलं. "आई, ती अगदी आपल्या या खोलीसारखी होती. म्हणून."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. आईने आधी तिच्याकडे पाहिलं. मग पत्र्याकडे, निळ्या खिडकीकडे, चुलीमागच्या काळ्या झालेल्या फळीकडे पाहिलं. जणू ही खोली तिला आताच कुणी दाखवली होती.

"हां," ती म्हणाली. "तशीच शे ही."

तिने परात उचलली आणि घासायला घेतली. प्रज्ञा काहीतरी बोलायचा प्रयत्न करत राहिली. मला तसं म्हणायचं नव्हतं, आबांनी किती कष्टाने बांधली ते मला माहीत आहे, माझंच डोकं फिरलं होतं. आई मान हलवत होती, सगळ्यालाच. परात केव्हाच स्वच्छ निघाली होती तरी घासत होती. रात्री अंथरुणं टाकताना तिने फक्त एवढंच म्हटलं की त्या बाईला खरं काय ते सांगून टाक, म्हातारं माणूस आहे.

सोमवारी प्रज्ञा सरांच्या केबिनमध्ये गेली. फोटो लख्ख होते, मी पाहिले होते, मी तुमच्याशी खोटं बोलले, असं तिने उभ्यानेच सांगितलं. सरांनी स्वतः फाइल उघडली. बराच वेळ ते एकेक फोटो पुढे सरकवत राहिले. सोनेरी अक्षरांच्या काचेशी थांबले.

"चूक कुणाचीही होते," ते म्हणाले. "मीही बघायला पाहिजे होतं. पण तू माझ्या तोंडून त्या बाईंना खोटं सांगितलंस, प्रज्ञा."

त्याच दुपारी त्यांनी संस्थेला खरं कळवलं, स्वतःचीही चूक मान्य केली. मिस अर्लीनशी आपण स्वतः बोलतो, असं प्रज्ञाने सांगितलं. डेरेकने दोन दिवसांनी कळवलं की त्या तयार आहेत, पण थोडा वेळच.

या वेळी ती एकटीच बसली, सरांच्या केबिनचं दार लावून. मिस अर्लीन घरात होत्या, मागे पुस्तकांचं कपाट दिसत होतं. प्रज्ञाने इंग्रजीत वाक्यं ठरवून ठेवली होती, ती सगळी अडकली. तिने सरळ सांगितलं की फोटो चांगले होते. तिने खोली नीट पाहिली होती. तिच्या आईवडिलांचं घर तसंच आहे, आणि त्या घराची तिला लाज वाटत आली. आमच्या लोकांची वस्ती गावाबाहेर ठेवलेली असायची, आमच्या घरांना कुणी घर म्हणायचं नाही, हेही तिला सांगायचं होतं. पण ते सबब दिल्यासारखं वाटेल म्हणून तिने गिळलं.

मिस अर्लीननी चष्मा काढून पुसला.

"मला वाटलं होतं, कुठल्या तरी ऑफिसातला गोरा मुलगा असेल," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर रागवायची मला जन्मभराची सवय आहे. तुझ्यावर कसं रागवायचं, ते मला समजत नाहीये."

प्रज्ञा म्हणाली की यंत्राने घेतलेली सगळी मापं अजून आमच्याकडे आहेत. खोली परत येणार नाही, पण ती जशी होती तशी मी पूर्ण काढून देईन, प्रत्येक दार, प्रत्येक फळी. आणि माझी ती ओळ नोंदीतून काढून टाकायला सांगेन.

"खोली काढ," मिस अर्लीन म्हणाल्या. "ओळ काढू नकोस. ती तिथेच राहू दे. तिच्याखाली तुझं नाव लिही, आणि ती खोटी का होती तेही लिही. आमच्यानंतर येणाऱ्यांना कळू दे, घरं कशी पडतात."

माफीचा शब्द त्यांनी काढला नाही आणि प्रज्ञाला मागायची हिंमत झाली नाही.

नकाशाला कितीतरी दिवस लागले. ऑफिसचं काम संपलं की ती बसायची. तिन्ही दारांच्या चौकटी वेगळ्या होत्या. शिंप्याच्या दाराला कडीच्या जागी सुतळी होती, स्टुडिओच्या दारावर जुन्या रंगाचे चार थर होते. काचेवरची अक्षरं तिने तुटलेल्या कडांसह उतरवली. स्नेहल अधूनमधून मागे येऊन उभी राहायची आणि परत जायची. संस्थेने पुढच्या गल्लीचं काम दुसऱ्या कुणाला दिल्याचं दरम्यान कळलं होतं. स्नेहलने ते मनाला लावून घेतलं होतं, आणि तिचं चुकलं असं कुणी म्हणालं नसतं.

नकाशासोबत प्रज्ञाने ती टीप लिहिली. तीन वाक्यांची. इंग्रजीत लाज हा शब्द टाइप करून तिने तो दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा ठेवला. खाली स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ज्या शहरात तिचं पाऊल कधी पडणार नव्हतं, त्याच्या दप्तरात ते कायमचं राहिलं. मिस अर्लीनकडून उत्तर आलं नाही. डेरेकने कळवलं की नकाशा त्यांनी चौकटीत लावून पुढच्या खोलीत टांगलाय. टिपेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात स्नेहलच्या मावसबहिणीचं लग्न साक्रीला होतं. तोवर दोघींमधलं अवघडलेपण बरंचसं ओसरलं होतं. सरांनी दुसरीकडून थोडं काम आणलं होतं. जाताना धुळ्याला उतरून चहा घेऊ, असं प्रज्ञानेच सुचवलं. ऑफिसातल्या कुणाला घरी न्यायची तिची ही पहिलीच वेळ होती. तिने आईला आदल्या दिवशी फोन केला.

दोघी पोहोचल्या तेव्हा पुढच्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली, पलंगावर नवी चादर होती. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गॅस मधल्या खोलीत आणून ठेवला होता, फरशीवर, आणि मागच्या खोलीच्या दाराला कडी घातलेली होती. त्या दारावर आईने परकराचं फुलाफुलांचं कापड पडद्यासारखं लावलं होतं.

"इथे कुठे मांडलंस गं?" प्रज्ञाने विचारलं.

"तठे ऊन येस," आई तिच्याकडे न पाहता म्हणाली.

सकाळचे दहा वाजत होते आणि ती खोली पश्चिमेला होती. प्रज्ञाने कापड बाजूला केलं आणि कडी काढली. मागे बसू, तिथे वारं येतं, असं ती स्नेहलला म्हणाली. आई घाईने उठली.

"तठे कसाले बठाडस तिले? पसारा शे बठ्ठा."

पसारा नव्हता. खोली स्वच्छ झाडलेली होती आणि जवळजवळ रिकामी होती. भांडी, डबे, पाट, सगळं कुठेतरी हलवलं होतं. स्नेहल सतरंजीवर बसली, फोनवर लग्नाचे निरोप वाचू लागली. तिने पत्र्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडेही नाही. थोड्या वेळाने पाणी मागितलं, ऊन फार आहे म्हणाली.

आई आत आली नाही. उंबऱ्याशी, पदर सावरत, परक्याच्या घरी उभं राहावं तशी उभी राहिली. मग मधल्या खोलीत गेली आणि नव्या कपांत चहा घेऊन आली. आधी स्नेहलला दिला.

"आमनी जागा काही बरी नही शे, बाई," ती म्हणाली.

स्नेहल हसून म्हणाली की छान आहे की, काकू. आईनेही हसून मान डोलावली. प्रज्ञाने कप हातात घेतला आणि मान वर केली नाही.